जुना ट्रॅक्टर घरी उघडताना : वाचकांचे प्रश्न

जुन्या ट्रॅक्टरच्या घरगुती दुरुस्तीबद्दल विचारा, असं या सदरात लिहिलं आणि पत्रांचा ढीग आला. मी आयटीआयमध्ये ट्रॅक्टर मेकॅनिकचा ट्रेड शिकवत होतो. आता निवृत्त आहे, पण कोल्हापूर जिल्ह्यातल्या गावी घरामागच्या शेडमध्ये अजून काम चालूच असतं. सगळ्यांना उत्तर देण्याएवढी जागा नाही, म्हणून ज्यांच्या अडचणी बऱ्याच जणांच्या आहेत अशी पत्रं निवडली आहेत.

आमच्याकडे आजोबांनी घेतलेला इंटरनॅशनल बी-275 आहे. वडील गेल्यापासून तो शेडमध्ये उभा आहे. उभा केला तेव्हा चालू होता, पण निळा धूर मारायचा आणि ऑइल खायचा. आता इंजिन फिरतच नाही. मेकॅनिक म्हणतो फुल इंजिन करा. मी आणि धाकटा भाऊ मिळून घरीच करायचं म्हणतोय. सुरुवात कुठून करावी?
— वाचक, ता. माण, जि. सातारा

दादा, जरूर करा. या गाडीवर घरी काम करता येतं, कारण तिच्यात लपवाछपवी काही नाही. 1963 मध्ये महिंद्रानं अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर कंपनी काढली आणि विलायतेतल्या बी-275 चं हे रूप मुंबईत तयार होऊ लागलं. चार सिलिंडर, 35 हॉर्सपॉवरच्या घरातलं इंजिन. आपल्याकडच्या कितीतरी घरांतला पहिला ट्रॅक्टर हाच.

विलायती वंशाचा असल्यामुळे त्याचे बहुतेक नट-बोल्ट इंची मापाचे आहेत. मोटारसायकलच्या पान्यांनी त्याला हात लावू नका. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर. त्यावर 13 चा पाना बसतो, पण ढिला बसतो, आणि नट गंजलेला असला की कोपरे खाऊन टाकतो. 9/16 वर 14 चा जात नाही आणि 15 चा फिरतो. 5/8 ला 16 चा आणि 3/4 ला 19 चा चालून जातो, एवढीच सवलत. इंची रिंग पान्यांचा आणि गोटी पान्यांचा एक सेट आधी घ्या. कुठल्या बोल्टचे आटे खराब झाले तर मिलिमीटरचा बोल्ट ठोकून बसवू नका. इंची बोल्ट पुण्यात नाना पेठेत मिळतात, कोल्हापुरात उद्यमनगरात मिळतात.

आता जाम इंजिन. दुसऱ्या ट्रॅक्टरला साखळी लावून गिअरमध्ये ओढायचा मोह होईल. तसं करू नका. पिस्टनच्या रिंगा लायनरला, म्हणजे पिस्टन ज्या नळीत वर-खाली होतो तिला, गंजून धरल्या असतील तर पिस्टनच्या कडा तुटतील, आणि एखाद्या सिलिंडरमध्ये पाणी साठलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकेल. डिझेल फवारणारे चारही नोझल काढा. त्या भोकांतून डिझेल आणि पातळ ऑइल निम्मं-निम्मं सोडा आणि चांगले आठवडाभर विसरून जा. मग सेल्फ काढला की फ्लायव्हीलचे दाते दिसतात. तिथे पहार टेकवून इंजिन थोडं पुढे, थोडं मागे असं हलवा. केसभर हललं तरी जिंकलात. पुन्हा तेल, पुन्हा एक दिवस. जोर लावून एकाच दिशेला दाबत राहू नका. एवढं करूनही हललं नाही तर हेड काढून वरून बघावं लागेल.

पण हेड खोलायच्या आधी एक काम आहे आणि ते सगळ्यांत महत्त्वाचं आहे. इंजिन कशानं मेलं, ते शोधा. निळा धूर आणि ऑइल खाणं म्हणजे रिंगा-लायनर झिजले किंवा व्हॉल्व्हचे गाइड झिजले. बरोबर. पण झिजले कशानं? माणसारख्या कोरड्या, धुळीच्या भागात मी उघडलेल्या इंजिनांपैकी बहुतेकांनी धूळ खाल्लेली होती. तुमच्या गाडीला ऑइल बाथ एअर क्लीनर आहे, म्हणजे हवेतली धूळ ऑइलमध्ये पकडणारा. खालची वाटी काढा. तिच्या आतल्या खुणेपर्यंत ऑइल होतं का, की तळाला नुसता चिखल आहे? मग एअर क्लीनरपासून इंजिनाकडे जाणारा रबरी होज काढून उजेडात वाकवून बघा. बाहेरून अखंड दिसणारा होज वाकवला की क्लिपच्या खाली बारीक भेग उघडते. होजच्या आतून बोट फिरवा. बोटाला कोरडी, मऊ धूळ लागली तर चोर सापडला. हा होज बदलला नाही आणि नवीन लायनर-पिस्टनचा संच घातला तर दोन हंगामांत गाडी पुन्हा निळा धूर मारेल, आणि तुम्ही म्हणाल स्पेअर पार्ट नकली होता.

आता फुल की हाफ. हाफ इंजिन म्हणजे हेड, व्हॉल्व्ह, लायनर, पिस्टन, रिंगा. फुल म्हणजे त्यात क्रँक आणि मेन बेअरिंग आलं. हे मेकॅनिकच्या अंदाजानं ठरवायचं नसतं, मोजून ठरवायचं असतं. हेड काढल्यावर लायनरच्या वरच्या टोकाजवळ आतून नख फिरवा. वरची रिंग जिथपर्यंत येते तिथे कंगोरा लागेल. नख त्यावर स्पष्ट अडकलं तर लायनर गेला. खरं माप बोअर डायलनं घ्यायचं, वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं असं दोनदा, कारण लायनर गोल झिजत नाही, पिस्टनचा रेटा ज्या बाजूला असतो त्या बाजूला जास्त झिजतो. क्रँकचे जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग, मायक्रोमीटरनं मोजायचे. तुमच्याकडे ही हत्यारं नसणार, घ्यायचीही गरज नाही. ब्लॉक आणि क्रँक घेऊन जवळच्या क्रँक ग्राइंडिंगवाल्याकडे जा, समोर उभं राहून मोजून घ्या आणि आकडे वहीत लिहा. क्रँक ग्राइंड झाला की बेअरिंग त्याच मापाचं घ्यावं लागतं. इंचाचा शंभरावा भाग खाली गेला तर दुकानात ‘दहा’ म्हणायचं, त्याच्या दुप्पट गेला तर ‘वीस’. क्रँक हातात यायच्या आधी बेअरिंग विकत घेऊ नका.

घरी काय करायचं आणि बाहेर काय, याचं माझं मत पक्कं आहे. खोलणं, धुणं, तपासणं, बांधणं घरी. क्रँक ग्राइंडिंग, लायनर दाबणं आणि होनिंग (लायनर आतून घासून बारीक रेघा पाडणं), व्हॉल्व्ह सीट कापणं, हेडचा पृष्ठभाग सपाट करणं हे मशीन शॉपमध्ये. आणि डिझेल पंप व नोझल फक्त टेस्ट बेंच असलेल्या पंपवाल्याकडे. पंप घरी उघडायचा नाही. उतरवण्याआधी पंपाच्या फ्लँजवरची आणि टायमिंग गिअरवरची खूण बघून ठेवा. दिसत नसेल तर बारीक छन्नीनं स्वतःची खूण करा.

खोलताना भावाला मोबाइलवर फोटो काढायला बसवा. प्रत्येक भागाचे बोल्ट वेगळ्या डब्यात, डब्यावर चिठ्ठी. पुशरॉड पुठ्ठ्याला भोकं पाडून क्रमानं खोचून ठेवा. कनेक्टिंग रॉड आणि त्याची कॅप यांवर आकडे कोरलेले असतात. कॅप तिच्याच रॉडला, आकडे एकाच बाजूला येतील अशी बसली पाहिजे. मेन बेअरिंगच्या कॅपचंही तेच. कॅप अदलाबदल झाल्या की क्रँक हातानं फिरत नाही, आणि दोष ग्राइंडिंगवाल्याला जातो.

बांधताना दोन ठिकाणी जीव लावा. पहिलं, रिंगा. पिस्टनवर चढवण्याआधी प्रत्येक रिंग लायनरमध्ये सरळ बसवून तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजनं मोजा. सुमारे 90 मिलिमीटरच्या बोअरला 0.3 ते 0.4 मिलिमीटर ही ढोबळ फट, नेमकी तुमच्या मॅन्युअलमध्ये किंवा रिंगच्या खोक्यातल्या कागदावर असते. फटच नसेल तर गरम झाल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग मोडते. पिस्टन आत सोडताना सगळ्या रिंगांच्या फटी एका रेषेत येऊ देऊ नका. दुसरं, हेडचे बोल्ट. ब्लॉकमधली बोल्टची भोकं आतून कोरडी करा. तळ बंद असलेल्या भोकात ऑइल किंवा पाणी राहिलं आणि वरून बोल्ट आवळला तर त्या द्रवाला जायला जागा नसते, आणि ओतीव ब्लॉकला तडा जातो. बोल्ट मधल्यापासून सुरू करून बाहेरच्या बाजूला, तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्यानं आवळा. टॉर्क पाना विकत घेणं परवडत नसेल तर भाड्यानं आणा, पण ‘हाताला अंदाज आहे’ म्हणणाऱ्याला त्या दिवशी शेडमध्ये येऊ देऊ नका.

आणि पहिल्यांदा चालू करताना. डिझेल टाकी काढून आतून धुतलेली असावी, इतक्या वर्षांत तळाला पाणी आणि गाळ साठलेला असतोच. फिल्टर नवीन. मग डिझेल लाइनमधली हवा काढायची: आधी फिल्टरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारा, फेस बंद होऊन सलग डिझेल यायला लागलं की आवळा, मग पंपाचा, शेवटी नोझलकडे जाणाऱ्या पाइपांचे नट. चालू इंजिनात नोझलच्या फवाऱ्यासमोर हात कधीही धरायचा नाही. ते डिझेल कातडी भेदून आत शिरतं. जखम सुईएवढी दिसते आणि बोट कापावं लागण्यापर्यंत वेळ येते. असं झालंच तर घरगुती उपाय न करता थेट मोठा दवाखाना. सेल्फ मारण्याआधी एअर क्लीनरचा होज काढून ठेवा आणि भावाला हातात सपाट फळी देऊन मॅनिफोल्डच्या तोंडाशी उभा करा. जुन्या पंपाचा रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी दांडी, पूर्ण डिझेलवर अडकला तर इंजिन बेफाम पळतं आणि चावीनं किंवा ओढणीनं बंद होत नाही. त्या वेळी हवा बंद करणं हा एकच इलाज. फळी लावायची, तळहात नाही.

आमचा एचएमटी 2511 आहे. क्लच प्लेट संपली आहे. गॅरेजवाला म्हणतो गाडी फोडावी लागेल. हे काम आम्ही घरी केलं तर चालेल का? कंपनी बंद झाली, पार्ट मिळतील का?
— वाचक भगिनी, जि. यवतमाळ

ताई, पार्टची काळजी आधी मिटवतो. एचएमटीनं पिंजोरच्या कारखान्यात 1971 पासून झेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या तंत्रावर ट्रॅक्टर बनवले आणि 2016 मध्ये ते बंद करायचा निर्णय झाला. पण इतकी वर्षं इतक्या गाड्या विकल्या गेल्या की क्लच प्लेट, बेअरिंग, सील अशा झिजणाऱ्या वस्तू बनवणारे अजून आहेत. जुनी प्लेट हातात घेऊन दुकानात जा. मधले दाते मोजा, बाहेरचा व्यास मोजा. आणि तुमची गाडी मिलिमीटरची आहे, त्यामुळे पान्यांची कटकट नाही.

गाडी फोडणं घरी होतं, पण त्यात माणसं जायबंदी होतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ट्रॅक्टरला ट्रकसारखी चासी नसते. इंजिन आणि गिअर बॉक्स हाच त्याचा कणा. तो कणा आपण क्लच हाऊसिंगपाशी सोडतो. सोडला की मागचा भाग मोठ्या चाकांवर उभा राहतो, पण त्याचं नाक खाली जातं. आणि पुढचा भाग फक्त एका पिनवर टेकलेला असतो, पुढच्या अ‍ॅक्सलच्या मधल्या पिनवर. तो डावी-उजवीकडे झुलू शकतो. इंजिनाचं सगळं वजन तिथे आहे.

म्हणून पहिला बोल्ट सैल करण्याआधी अ‍ॅक्सल आणि त्यावरचा सपोर्ट यांच्या फटीत दोन्ही बाजूंनी बाभळीच्या किंवा सागाच्या लाकडाच्या पाचरी हातोड्यानं घट्ट ठोका. पाचर बसली की इंजिन झुलत नाही. मऊ लाकूड नको, ते दबतं. मग इंजिनाच्या खाली आणि गिअर बॉक्सच्या खाली पक्के स्टँड. जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नसतो. विटा, सिमेंटचे ब्लॉक, रिकामे ड्रम यांचं नाव काढू नका, वीट सूचना न देता फुटते. जमीन फरशीची किंवा धुम्मस केलेली हवी. मागची चाकं दोन्ही बाजूंनी अडवा. शेडच्या पाइपाला किंवा झाडाच्या फांदीला चेन पुली टांगणारे मी बघितले आहेत, तसं करू नका. लोखंडी तिपाई भाड्यानं मिळते.

दोन भाग वेगळे करताना सरळ रेषेत मागे-पुढे जाऊ द्या. वाकडे ओढले तर क्लच शाफ्टवर वजन येतं. वेगळं झाल्यावर फ्लायव्हीलकडे नीट बघा. निळे डाग, बारीक तडे, खोल रेघा असतील तर लेथवर साफ करून घ्या. रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि मागचं ऑइल सील आत्ताच बदला, जुनं चांगलं दिसलं तरीसुद्धा. त्यांच्यासाठी पुन्हा गाडी फोडायची म्हणजे दोन दिवसांचं काम. जुन्या प्लेटची काळी धूळ काँप्रेसरच्या हवेनं उडवू नका. जुन्या क्लच-ब्रेकच्या लाइनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, आणि ते फुप्फुसात गेलं की राहतं. ओल्या फडक्यानं पुसा, तोंडाला चांगला मास्क लावा, मुलांना लांब ठेवा.

डिपस्टिकवर ऑइल दूध घातलेल्या चहासारखं दिसतं. ऑइल बदललं तर बरं होईल का?
— वाचक, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर

नाही. ऑइलमध्ये पाणी जातंय. आजपासून गाडी चालवायची बंद करा, कारण पाण्याच्या ऑइलवर बेअरिंग टिकत नाही, आणि आज गॅस्केटवर भागणारं काम उद्या क्रँकवर जाईल. रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा, ड्रेन बोल्ट हळूहळू सैल करा. पाणी जड, म्हणून आधी तेच येईल. किती येतं त्यावरून गळतीचा अंदाज येतो. मग चेंबर उतरवा, रेडिएटर काठोकाठ भरा, खाली ताडपत्रीवर आडवे होऊन बॅटरीच्या उजेडात वर बघा. घाई करू नका, थेंब यायला वेळ लागतो. लायनरच्या खालच्या कडेवरून थेंब पडला तर ओल्या लायनरची (ज्याला बाहेरून थेट पाणी लागतं त्याची) रबरी रिंग गेली. वरून, पिस्टनच्या बाजूनं किंवा पुशरॉडच्या बाजूनं आला तर हेड गॅस्केट किंवा हेडला तडा. पूर आलेल्या वर्षी गाडी पाण्यात होती का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. शिरोळचे आहात म्हणून विचारतो. तसं असेल तर गिअर बॉक्स आणि मागच्या हाऊसिंगचं ऑइलही काढून बघा.

मेकॅनिकनं थर्मोस्टॅट काढून टाकला, म्हणाला आपल्या उन्हात लागत नाही. बोअरचं पाणी रेडिएटरला चालतं का?
— वाचक, ता. पाथर्डी, जि. अहिल्यानगर

दोन्हीला माझं उत्तर ‘नाही’ असंच आहे: थर्मोस्टॅट काढायचा नाही आणि बोअरचं पाणी घालायचं नाही. थर्मोस्टॅटचं काम इंजिन लवकर तापवून 80 अंशांच्या आसपास ठेवायचं आहे. थंड इंजिनात डिझेल पुरतं जळत नाही, ते लायनरवरचं ऑइल धुऊन काढतं, आणि जळलेल्या वायूंतला ओलावा आम्ल होऊन लायनर खातो. झीज सगळ्यांत जास्त थंड इंजिनातच होते. तुमचा थर्मोस्टॅट चांगला आहे का हे बघायचं तर पातेल्यात पाणी तापवा आणि दोऱ्याला बांधून त्यात सोडा. उकळी यायच्या आधी तो उघडताना दिसला पाहिजे.

बोअरच्या पाण्यातला क्षार लायनरभोवती थर धरतो आणि उष्णता बाहेर पडू देत नाही. मी जुन्या ब्लॉकमधून खरवडून अक्षरशः मूठभर पांढरी खडी काढलेली आहे. पावसाचं गाळलेलं पाणी किंवा फिल्टरचं पाणी घ्या आणि त्यात कूलंट घाला. आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून कूलंट नको, असं म्हणतात. ते चूक आहे. कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्यं असतात. ओल्या लायनरला इंजिनाच्या हादऱ्यानं बाहेरून सुईनं टोचल्यासारखे खड्डे पडतात आणि एक दिवस भोक आरपार जातं. ते खड्डेही तीच द्रव्यं थांबवतात.

लिफ्ट रिकामा कुळव उचलते, नांगर उचलत नाही. उचललाच तर इंजिन बंद केल्यावर खाली येतो.
— वाचक, जि. लातूर

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, कारणंही वेगळी असू शकतात. बंद केल्यावर खाली येतो म्हणजे दाबलेलं तेल कुठून तरी निसटतंय: लिफ्टच्या पिस्टनची ओ-रिंग, सिलिंडर किंवा व्हॉल्व्ह. जड औजार उचलतच नाही आणि तेल तापल्यावर आणखी मंदावते, असं असेल तर पंप झिजलाय. पण पंपाला दोष देण्याआधी तेलाची पातळी आणि सक्शनची जाळी बघा. जाळीवर लोखंडाचा कीस साठून पंप उपाशी राहतो, ते काम अर्ध्या दिवसाचं आहे. काही बघायचं तर नांगर जमिनीवर टेकवून. उचललेल्या औजाराखाली कोणीही जायचं नाही.

जुना ब्लॉक फुटला, भंगारातून दुसरा आणून बसवतोय. आरटीओचं काही लागतं का?
— वाचक, जि. जालना

लागतं. इंजिन नंबर ब्लॉकवर असतो आणि तो तुमच्या आरसी बुकात लिहिलेला आहे. ब्लॉक बदलला की नंबर बदलला. भंगारवाल्याकडून पक्कं बिल घ्या, तो ब्लॉक कुठल्या गाडीचा होता याचा कागद मागा, आणि आरटीओमध्ये नोंद करून घ्या. नंबर घासून जुना पुन्हा ठोकून देणारे भेटतील, तो गुन्हा आहे. शेतीचा ट्रॅक्टर नॉन-ट्रान्सपोर्ट गाडीत मोडतो, 15 वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण आणि पुढे दर 5 वर्षांनी, तेव्हा तपासणीत हे दिसणारच. रंग मारताना नंबर प्लेटवर आणि कोरलेल्या चासी नंबरवर लांबी फासू नका.

इंजिन बांधून झालं, छान चालू झालं. रोटाव्हेटर कधी लावू?
— वाचक, ता. इंदापूर, जि. पुणे

अभिनंदन! लगेच नको आणि फार उशिराही नको. पहिले 50 तास मध्यम काम द्या: पाळी घाला, अर्धी भरलेली ट्रॉली ओढा. रिंगांना लायनरवर बसायला दाब लागतो, म्हणून अंगणात तासन् तास नुसती रेस न देता चालू ठेवू नका, त्यानं लायनरला आरशासारखी चकाकी येते आणि गाडी ऑइल खात राहते. रोज सकाळी ऑइल आणि पाणी बघा, पाण्याची पातळी पहिल्या काही दिवसांत थोडी उतरेल. हेडचे बोल्ट पुन्हा आवळायचे का आणि कधी, ते गॅस्केटच्या जातीवर आहे, मॅन्युअल सांगेल तसं करा. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट, मात्र पुन्हा बघायचेच. 50 तास झाले की इंजिन गरम असताना ऑइल आणि फिल्टर बदला. काढलेलं ऑइल पांढऱ्या फडक्यातून गाळा. बारीक काळी पूड आली तर ठीक. पिवळसर किंवा चंदेरी चमकणारे कण आले तर रोटाव्हेटर बाजूला ठेवा, चेंबर उतरवून बिग एंडचं, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाचं, बेअरिंग बघा, आणि त्याचे फोटो मला पाठवा.